हिरव्या साडीवरचं ग्रीस

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिच्या हिरव्या साडीवरचा ग्रीसचा डाग काढणं. कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याच्या मुलीचं लग्न होतं. माझ्या मोपेडवरून परत आलो. ती मागं एका अंगानं बसलेली. घरात येऊन दिव्याखाली बघते तर निऱ्यांना खाली चेनीचं काळं ग्रीस, तळहाताएवढं.

माझा जन्म इकडं तमिळ मुलखात, अंबत्तूरला लेथवर गेला. ग्रीस दिसलं की माझा हात रॉकेलकडं जातो. चिंधीचा बोळा बुडवायचा आणि पुसायचं, एवढंच मला ठाऊक. तेच केलं. काळं होतं ते फिकं झालं आणि दुप्पट पसरलं.

"अवो, ते मशीन न्हाई, साडी हाय!" तिनं बोळा हिसकून घेतला. "तुमचे कपडे धुन्यात जल्म गेला माझा, आन् तुमचं आपलं अजून रॉकेल!"

"मग लाव तुझं औषध."

"लावते. तुमी नुस्ती धरा. ताणू नगा."

मी धरली. इथल्या बायकांचं बघून तीही रोज सकाळी दारासमोर पिठाची रांगोळी काढायची. इथं तिला कोलम म्हणतात. त्या तांदळाच्या पिठाचा डबा तिनं आणला आणि डागावर दोन्ही बाजूंनी पीठ थापलं.

"आता ऱ्हाऊ द्या. पीठ तेल पितंय. सकाळी झटकायचं, मग भांड्याचा साबण, आन् उलट्या बाजूनं घासायचं. आधी पाणी लावलं तर डाग बसलाच म्हना."

"मला कशाला सांगतीस? करनार तूच."

"ऐकून ठिवा. काय बिघडत न्हाई, कान फुटत न्हाई."

दहीभात खाल्ला आणि झोपलो. दुसरं काही बोलणं झालं नाही.

सकाळी शेजारीण दारातून ओरडली, "पाटी, तण्णी लॉरी!" म्हणजे आजी, पाण्याची गाडी आली. तेव्हा नळ कोरडे पडलेले, सगळी गल्ली त्या गाडीवर जगायची, आणि घागरी घेऊन सगळ्यांच्या आधी पळणारी आमचीच. त्या दिवशी ती उठली नाही. मी खांद्याला धरून हलवलं. अंग गार होतं.

गल्लीतला डॉक्टर आला, बघून गेला. मुलाला फोन केला. तो सिरुसेरीला कंप्युटरच्या कंपनीत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आधी रडला, मग म्हणाला, "निघालोच, बाबा." थोड्या वेळानं त्याचाच फोन. "हिरवी साडी लागेल ना? येताना नवी घेऊन येतो."

आमच्यात सवाष्ण गेली की हिरवी नेसवतात. तेवढं त्याला माहीत होतं. पण ती मागंच सांगून बसलेली, मला नेताना माझी हिरवी इरकल नेसवा, दुकानातली परकी नको. आणि इरकल तर पिठात पडलेली.

"नवी आणू नको," म्हणालो. "तू ये."

डागासकट तिला पाठवणं मला जमलं नसतं. मी कामावरून आलो की धुतलेला शर्ट ती खिडकीशी उजेडात धरायची. "हाय अजून," म्हणायची आणि परत घासायला बसायची. फॅक्टरीतले बाकीचे मळक्या कपड्यात यायचे, मी नाही.

साडी घेऊन मोरीत गेलो. पिठाला मुंग्या लागलेल्या, अख्खी रांग. त्या आधी फुंकून घालवल्या. पीठ झटकलं, ते पिवळट झालेलं, खरंच तेल प्यालेलं. आतल्या खोलीत गल्लीतल्या बायका तमिळमध्ये रडत होत्या. तिचं चांगलंच सांगत असणार. मला अर्धं कळत होतं. कामापुरती तमिळ येते मला, रडण्यापुरती नाही. घरात मराठी बोलायला माणूस एकच होतं.

भांड्याचा साबण लावला. दातांच्या जुन्या ब्रशनं उलट्या बाजूनं घासलं. पाणी शेजारणीनं आमच्या घागरीत भरून ठेवलेलं. धुतलं आणि खिडकीशी धरलं.

दिसेना. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. ओल्या कापडावर सगळंच काळं दिसतं. डाग आहे की गेला हे ती सांगायची, मी कधी बघितलंच नव्हतं. तोंडातून निघालं, "बघ गं जरा." आतलं रडणं चालूच होतं.

मग मला जे येतं ते केलं. मशीनवर जॉब, म्हणजे कातायचा भाग, तयार झाला की आम्ही डोळे मिटून त्यावर बोट फिरवायचो, खरखर कळते. तसं फिरवलं. एका जागी बोट घसरलं, चिकट. परत साबण लावला. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "ताता, पाणी ठेवा थोडं, पाटीला आंघोळ घालायची आहे." ताता म्हणजे आजोबा. हे तिनं तमिळमध्येच सांगितलं, पण एवढी तमिळ मला कळते. मी घागरीकडं बघितलं. अर्धी होती. तिच्या आंघोळीचं पाणी आणि तिच्या साडीचं पाणी एकाच घागरीत. तांब्याभर घेतलं, जास्त नाही. पुन्हा घासलं, पुन्हा बोट फिरवलं. आता नुसतं कापड लागलं.

टॉवेलात गुंडाळून पिळली आणि पंख्याखाली धरून उभा राहिलो. मुलगा आला तेव्हा तसाच उभा होतो. तो माझ्या गळ्यात पडायला आला, मी म्हणालो, "थांब, ओली हाय."

मग आत गेलो. बायकांनी जागा दिली. शेजारणीच्या हातात साडी दिली, आणि जिथं डाग होता तिथं तिचं बोट नेऊन ठेवलं.

"इथं होता," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो.