धावपट्टीवर उतरलेले पाहुणे

आजूबाजूच्या चार-सहा गावांना मिळून तो एकच विमानतळ. सकाळी एक विमान यायचं, तेच माणसं भरून परत जायचं. बाकी दिवसभर धावपट्टीवर राज्य पाखरांचं, आणि पाखरांवर राज्य आत्याचं.

आत्या तिथली पाखरं हुसकावणारी. खाकी सदरा, डोक्याला रुमाल, खांद्यावर नुसता बार काढणारी बंदूक. पट्टीवर साळुंकी दिसली रे दिसली की जुनी जीप दामटत निघायची. सामान चढवणारे चिडवायचे, "आत्या, घरी नवऱ्यालाही असंच हुसकावता का?"

"त्याला बंदूक कशाला? नुसते डोळे वटारले तरी पुरतात!"

एकदा रात्रभर वादळानं थैमान घातलं. सकाळी आत्या कामावर आली तेव्हा धुकं होतं. जीप घेऊन ती पट्टीवर वळली आणि तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. समोर करकोचे उभे होते. दहा-वीस नव्हेत, धावपट्टीच्या या टोकापासून नजर पोचेल तिथपर्यंत. करड्या अंगाचे, तिच्या खांद्याला लागतील एवढे उंच. कुणी एका पायावर पेंगत होतं, कुणी पंख सैल सोडून बसलं होतं.

वॉकीटॉकी खरखरला. मनोऱ्यातल्या मॅडम विचारत होत्या, "आत्या, मला इथून धुक्यात काही दिसत नाही. पट्टी मोकळी आहे ना?"

आत्या मान उंच करून पट्टीचं दुसरं टोक शोधत होती.

"आत्या? ऐकताय ना?"

"मॅडम, विमान निघालंय का तिकडून?"

"नाही अजून. का?"

"मग निघू देऊ नका. इथे पाय ठेवायला जागा नाही."

तिनं सवयीनं बंदूक उचलली होती. पण सगळ्यात जवळच्या करकोच्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा डोळे मिटले. कुठून कुठून आली असतील ही पाखरं, रात्रभर त्या वाऱ्याशी झुंजत! आत्यानं बंदूक सीटवर ठेवली.

"बार काढू का, मॅडम? तुम्ही म्हणाल तसं."

तोवर धुकं विरळ झालं होतं. मॅडमना वरून आता सगळं दिसलं असावं. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "नको. झोपू दे त्यांना. विमानाचं मी बघते."

इकडे प्रतीक्षागृहात एक ठेकेदार तावातावानं ओरडत होता. "पाखरांसाठी माणसं खोळंबणार? बोलवा तुमच्या साहेबांना!" बोलता बोलता तो काचेशी आला आणि वाक्य अर्धवट सोडून बाहेर बघू लागला. त्यानं मागच्या बाईंना पुढे वाट करून दिली. पुढे काचेशी दाटी झाली, पण धक्काबुक्की नव्हती.

ऊन अंगावर आलं तसे करकोचे हलू लागले. एकानं हाक दिली, दुसऱ्यानं ओ दिली, आणि पाहता पाहता सगळी पट्टीच जमिनीवरून सुटून वर निघाल्यासारखी झाली. पंखांच्या वाऱ्यानं आत्याच्या डोक्यावरचा रुमाल उडाला. तो धरायचंही तिला भान राहिलं नाही. तिच्या माथ्यावर ते गोल गोल फिरत चढत गेले, त्यांच्या सावल्या तिच्या अंगावरून सरकत राहिल्या. तिचे हात कधी जोडले गेले, तिला कळलंच नाही.

विमान दुपारी आलं. कुणी तक्रार केली नाही.

संध्याकाळी नवरा शिवणयंत्रावर बसला होता. सगळं ऐकून त्यानं विचारलं, "मग तू काय केलंस?"

"काही नाही. नुसती उभी राहिले."

"आणि त्याचा पगार देतात?"

"आज दिला म्हणायचा."

तो हसला. ती हसली नाही, हे पाहून त्यानं यंत्र थांबवलं. दोघं गच्चीवर गेले. आभाळ पार रिकामं होतं.

"कुठल्या बाजूला गेले?"

तिनं हात करून दाखवलं. तो चष्मा पुसून तिकडे बघत राहिला.