किल्ली काढली तरी इंजिन चालूच

किल्ली माझ्या हातात होती आणि जीपचं इंजिन बंद होत नव्हतं. उलट आवाज चढत होता. कर्जतच्या चारफाट्याजवळचं आमचं गॅरेज धुरानं भरलं.

"स्टॉपर ओढ!" मालक रिझवानभाई दारातून ओरडले.

जुन्या डिझेल जीपला डॅशबोर्डखाली एक बटण असतं. ते ओढलं की डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. मी ओढलं. काही फरक नाही. पुन्हा ओढलं. आता बॉनेट थडथडायला लागलं. माझं डोकंच चालेना.

पनवेलच्या शोरूममध्ये मी आठ वर्षं काम केलं होतं. लॅपटॉप जोडायचा, कोड वाचायचा, पार्ट बदलायचा. या जीपला लॅपटॉप जोडायला जागाच नव्हती. ती कडावच्या सुमनकाकूंची. त्या रोज स्वतः चालवत दूध घेऊन कर्जतला यायच्या. सर्व्हिसिंग होईपर्यंत बाहेर बसल्या होत्या. त्या पळत आल्या.

"बाजूला हो रं!"

काकू सीटवर चढल्या. क्लच दाबून चौथा गिअर टाकला, सगळा भार ब्रेकवर दिला आणि क्लच सोडला. जीप हातभर पुढे उडाली. जळका वास आला. ब्रेकनं धरलेली चाकं इंजिनाला फिरवता येईनात, ते गपकन बंद पडलं.

मी तिथेच जमिनीवर बसलो.

"एअर फिल्टरात तेल किती घातलंस?" काकूंनी विचारलं.

"भांडं भरून."

"भरून? आत रेघ हाय, दिसली नाय?"

नव्या गाडीत हवा गाळायला कागदी फिल्टर असतो. या जीपमध्ये तेलाचं भांडं असतं, धूळ त्या तेलात अडकते. मी ते काठोकाठ भरलं होतं. इंजिननं हवेबरोबर ते तेल आत ओढलं आणि तेच जाळत सुटलं. मग डिझेल तोडून काय उपयोग? आणखी थोडा वेळ गेला असता तर इंजिन फुटलं असतं, आणि मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो.

"तुम्हाला हे कसं माहीत, काकू?"

"आमच्या यांनी पण एकदा असंच भरलं व्हतं. गाडी उतारावर. भिंतीवर घातली तेव्हा थांबली. मी शेजारी बसलेली. घरी आल्यावर आधी मेकॅनिकला विचारून घेतलं, परत झालं तर काय करायचं."

इंजिन वाचलं. क्लच प्लेट गेली, ती आम्ही बदलून दिली. दोन दिवस काकूंचं दूध भाड्याच्या टेंपोनं गेलं. गाडी न्यायला आल्या तेव्हा त्यांनी फिल्टर उघडायला लावला आणि माझ्याकडूनच रेघेपर्यंत तेल घालून घेतलं. रिझवानभाई शेजारी उभे राहून बघत होते.

आता अनोळखी भाग दिसला की मी आधी गाडीच्या मालकाला विचारतो. "मेकॅनिक तू की मी?" म्हणत काही गिऱ्हाइकं निघून जातात. मी त्यांना थांबवत नाही.