देवाले मालूम होतं

नागभीडपासून तीन कोसांवरच्या त्या गावात देवाबद्दल ठामपणे बोलणारे पुष्कळ होते. तलावाबद्दल ठामपणे बोलणारा एकटा पत्रू ढीवर. मी तिथे शाळामास्तर होतो, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकलं.

पत्रू तलावाचा राखणदार. पन्नाशीचा, काटकुळा, गालात कायम तंबाखू. पाळीतून, म्हणजे तलावाच्या बांधातून, झिरपणारं पाणी तो ओंजळीत धरून बघायचा. निर्मळ असलं तर चिंता नाही. गढूळ असलं तर आतली माती वाहते आहे. त्याचं शास्त्र एवढंच, आणि ते कधी चुकलं नव्हतं.

चोपन्न सालच्या श्रावणात पाणी गढूळ आलं. पत्रू थेट गुणवंतरावांकडे गेला. त्यांची मालगुजारी जाऊन तीन वर्षं झाली होती, पण गावाची मान अजून त्यांच्यापुढे वाकलेलीच होती. मी त्यांच्या ओसरीवर चहा पीत बसलो होतो.

"मालक, तुडुमापाशी पाळ पोखरून राह्यली," पत्रू म्हणाला. तुडूम म्हणजे शेतांना पाणी सोडायचं दार. "दहा माणसं आन् चार बंड्या मुरूम पाह्यजे." बंडी म्हणजे बैलगाडी.

"बंड्या देवळाच्या चौथऱ्याले लागल्या आहेत. सप्ता होऊन जाऊ दे."

सप्ताहासाठी नागपूरहून बुवा आले होते. गोड गळ्याचे, आणि तूप पचवण्यात तरबेज. पान गळण्याआधी ते गळणार हे देवाला ठाऊक असतं, असं ते रोज सांगत आणि गाव माना डोलवी. मी पहिल्या रांगेत डोलवी. त्या वेळात पत्रू टोपलीने एकटाच पाळीवर माती टाकत असे.

पाचव्या दिवशी भर दुपारी पाळ फुटली. चाळीस घरांचं धान चिखलात गेलं. निंदायला धानाच्या बांधीत उतरलेली रामाजी शेतकऱ्याची म्हातारी आई, गुणाबाई, पाण्याबरोबर गेली.

दोन दिवसांनी देवळापुढे सभा बसली. गुणवंतराव म्हणाले, दोष राखणदाराचा. रामाजी खाली मान घालून बसला होता. बंड्यांचं कुणी बोललं नाही.

बुवांनी कनवाळू आवाज काढला. "पत्रू, तुझ्या हातून हयगय होणार हे देवाला आधीच ठाऊक होतं. कबूल कर आणि मोकळा हो."

"आधीच म्हंजे कवा? माह्या जलमाच्या आधी?"

"अनादी काळापासून."

"मंग मले दुसरं काई करता आलं असतं का महाराज?"

"आलं असतं की! बुद्धी दिली आहे तुला."

"आन् मी केलं असतं, तर देवाचं खोटं पडलं असतं."

"देवाचं कधी खोटं पडत नाही!"

"मंग मले करता येत नव्हतं. दोनातून एक सांगा. दोनी कसे चालतीन?"

बुवांनी माळ दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "डोंगरावर बसलेल्याला सगळी वाट एकदम दिसते. त्याला दिसते म्हणून तो कुणाला चालवतो असं नाही."

"डोंगरावरून पूर दिसला आन् खालच्या म्हातारीले हाक नाई देल्ली, तर अशा माणसाले आमी दारात उभं नाई करत," पत्रू म्हणाला. "तुडुमाचं देवाले मालूम होतं, मालकाले मालूम होतं, मले मालूम होतं. माती एकट्यानं टाकली. आन् गुन्हेगार तोच."

गुणवंतराव ओरडले, "देवापुढं शपथ घे, मले सांगतलं होतं म्हणून!"

"त्याले मालूमच आहे, त्याले काय सांगू?" पत्रू माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी होते ना ओसरीवर?"

मी धोतराचा काठ न्याहाळला. "नीटसं आठवत नाही," म्हणालो.

त्या सभेत देव सर्वज्ञ होता आणि मास्तर अडाणी, पण पत्रूच्या उपयोगी दोघेही पडले नाहीत. त्याची राखणदारी गेली. बुवा शाल पांघरून बंडीत बसले आणि गाव त्यांच्या पाया पडलं.

आठवड्याने मासळीचं निमित्त काढून मी पत्रूच्या झोपडीवर गेलो. तो जाळं विणत होता. तेवढ्यात रामाजी आला आणि दारातच बसला.

"पत्रूभाऊ, माय रोज त्याच देवाले पाणी घाले. मंग तिले काऊन नाई सांगतलं त्यानं?"

मला वाटलं, आता पत्रूची जीभ सुटणार. त्याने जाळं बाजूला ठेवलं. "मले नाई मालूम, रामाजी," म्हणाला आणि त्याच्याजवळ जाऊन बसला. रामाजी ओक्साबोक्शी रडला.

मग मी ओसरीवर ऐकलेलं बंड्यांचं सगळं सांगितलं. ही हिंमत फुकटातली होती, कारण धानोऱ्याला बदली झाल्याचा कागद त्याच सकाळी माझ्या हातात पडला होता. रामाजीने माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने देवळाच्या चौथऱ्यावरून स्वतःची बंडी सोडवून घेतली. त्याच्यामागे आणखी आठ जणांनी सोडवल्या. गुणवंतराव ओसरीवरून आधी देवाचा कोप आणि मग पोलीस, अशी धमकी देत राहिले. एकही आला नाही. पंधरा दिवस पत्रू दाखवील तिथे मुरूम पडला आणि पाळ उभी राहिली. गावाने राखणदारी परत देऊ केली, ती त्याने घेतली नाही.

"आता तुमीच पाहा पाणी," म्हणाला, आणि पोरीबाळींनासुद्धा पाळीवर नेऊन ओंजळ कशी धरायची ते दाखवू लागला.