बाबांच्या वाट्याचं ऊन

मंडळी, आज सकाळी जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आम्ही वारज्यात राहतो. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायू झाला. तेव्हापासून थंडीत त्यांची एकच चैन होती, बाल्कनीतल्या उन्हात बसून तिखट-मीठ लावलेला पेरू खायचा. यंदा शेजारी बारा मजली इमारत उभी राहिली आणि आमचं ऊनच गेलं. बाबा आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

आज मी हट्टाने त्यांना व्हीलचेअरवरून खाली नेलं. पार्किंगच्या एका कोपऱ्यात साडेअकराला थोडा वेळ ऊन येतं, हे मी हेरून ठेवलं होतं. पण तिथे नेमकी गाडी उभी. तळमजल्यावरच्या काकांची बेल वाजवली.

"काका, जरा गाडी पुढे घेता का? बाबांना उन्हात बसवायचंय."

"पार्किंग माझ्या नावावर आहे. ऊन कुणाच्या नावावर आहे, ते कमिटीला विचारा."

आतून काकू त्यांच्यावर ओरडल्या, तेव्हा कुठे ते किल्ली घेऊन आले. गाडी हलेपर्यंत ऊन भिंतीवर चढलं होतं. मी बाबांचा लुळा हात उचलून भिंतीवरच्या तेवढ्याशा उन्हात धरला. मिनिटभरात तेही सरकलं.

"वर चल," बाबा म्हणाले. "उद्यापासून नको आणूस."

थंडीत आनंदी कसं राहायचं, हे सगळेच सांगतात. ज्याला आता काहीच नकोय, त्याला उद्या पुन्हा खाली कसं न्यायचं, हे तुमच्यापैकी कुणाला जमलंय का?