लाल कोटाची कड

माझ्या वरच्या खोलीत ती शिवणकामवाली राहायला आली तेव्हा तिच्यापाशी एक शिलाई मशीन, दोन पिशव्या आणि पाच वर्षांची मुलगी एवढंच होतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. मुलगी एवढीशी, म्हणून तिला ती 'बटण' म्हणायची. मला चौकशा करायची खोड आहे आणि जिभेला हाड नाही. पहिल्याच दिवशी विचारलं, "नवरा कुठे असतो गं?"

"कुठेही असू शकतो, मावशी," असं म्हणून तिने पडदा ओढून घेतला.

हळूहळू कळलं. मार खाऊन खाऊन ती पोरीला घेऊन निघाली होती. ही तिसरी जागा. प्रत्येक ठिकाणी थोडे दिवस जातात न जातात तोच तो समोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहायचा. ओरडायचा नाही, दार वाजवायचा नाही. खिडकीकडे बघायचा आणि निघून जायचा. पोलीस म्हणाले, रस्त्यावर उभं राहणं हा काय गुन्हा आहे? एकदाच तो बोलला होता, "पोरीला न्यायला येईन तेव्हा सांगून येणार नाही."

फोनवरून माग लागतो असं कुणी सांगितलं, म्हणून तिने मोबाइल विकला. साधा फोन घेतला, तोही बंद करून पिठाच्या डब्यात ठेवायची. मी म्हटलं, "अगं, पिठाला रेंज हवीय का?" ती हसली नाही.

आणि तरी तो आलाच. इस्त्रीचा शर्ट, हातात बिस्किटांचा पुडा. माझ्याकडे बघून त्याने मान लववली. इतका सज्जन दिसत होता की माझ्या काळजाचं पाणी झालं. वर मशीनचा आवाज थांबला होता.

बटणला या कशाचा पत्ता नव्हता. उकाड्यातही ती बापाने आणलेला लाल लोकरी कोट घालून घामाघूम फिरायची. दुसऱ्या दिवशी तिला शाळेत सोडायला मी गेले, आईला खाली उतरायची हिंमत नव्हती. वाटेत माझा फोन वाजला. 'एक अनोळखी ट्रॅकर बराच वेळ तुमच्याबरोबर फिरत आहे.' मला वाटलं फोनला वेड लागलं. पण पोरीला तशीच परत फिरवली आणि तो निरोप आईला दाखवला.

तिने दोनदा वाचला. मग पोरीला जवळ घेऊन कोटाची कड चाचपली.

"हे तर वजन आहे," ती म्हणाली. "कोट नीट पडावा म्हणून आम्ही कडेत शिशाची चकती घालतो."

बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला. ब्लेडने टाके उसवले. आतून शिशाची नव्हे, पांढरी, गुळगुळीत, माग सांगणारी चकती निघाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

"कड सुटली होती, तेव्हा मीच परत शिवली, मावशी," ती आपल्या बोटांकडे बघत म्हणाली. "पडू नये म्हणून दुहेरी दोरा घातला."

बटणने एकदम भोकाड पसरलं. "ते काढू नको ना! बाबा म्हणालेत, ते असलं की मी हरवणार नाही!"

आईने शिवणाच्या डब्यातून शिशाची खरी चकती काढली, त्याच जागी ठेवली आणि कड शिवून टाकली. बटणने दाबून पाहिलं. "आहे," म्हणाली आणि नाक पुसलं.

ती पांढरी चकती ठेचायला आईने बत्ता उचलला. मी तिचा हात धरला. "राहू दे. चालूच राहू दे तिला, इथेच."

त्याच दुपारी मागच्या दाराने दोघी गेल्या. नवा पत्ता मी विचारला नाही. मी!

चकती वरच्या रिकाम्या खोलीत खिडकीशी आहे. तो अजून येतो. मी दिवा लावते, खुर्ची सरकवते, मुद्दाम पाय आपटत चालते. तो खिडकीकडे बघत राहतो. आणि कुठेतरी ती पोर झोपण्याआधी कोटाची कड दाबून बघत असेल, आणि बाबांना आपण कुठे आहोत ते ठाऊक आहे या भरवशावर शांत झोपत असेल.