आमच्या ड्रायव्हरची टीव्हीतली गाडी

आमचे मालक आनंदराज कंधार डेपोचे ड्रायव्हर. रिटायर झाले, तरी मी 'ड्रायव्हर होते' म्हणत न्हाई. सारी नोकरी जळकोटच्या रस्त्यावर गेली, पर गाडीखाली कधी कोंबडी आली न्हाई. घरी मातर हात कशाला लागत नव्हता. बल्ब बदला म्हणलं की म्हणायचे, "मी एसटी चालवतो बाई, बल्ब न्हाई." असा तोरा! मी तोंडावर भांडायची, पर मनातून मला तो तोरा लई आवडायचा.

मागल्या साली यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात लवकर नेलं म्हणून पाय सुधरला, बोलणं सुधरलं, हातातबी जोर आला. डॉक्टर म्हणले, "हात वापरत राहा, जितका वापरसाल तितका वापस येईल." पर यांच्या मनानं घेतलं की हात गेला. परक्याची वस्तू सांभाळावी तसा उजवा हात मांडीवर ठेवून बसायचे. जेवायचं डाव्या हातानं, चमच्यानं. मी वरडायची, "अहो, भाकर कुणी चमच्यानं खातं का?" तर जेवणच कमी केलं. मग बोलणंबी कमी केलं. माणूस समोर बसलेलं अन् घरात न्हाई, असं झालं. मला भ्या वाटायचं, खोटं कशाला सांगू.

आमची पोरगी महामाया लातूरला एका क्लासच्या ऑफिसात हाय. तिथं नवे कॉम्प्युटर आले, तवा तिनं एक जुना घेतला अन् गेम चालावा म्हणून त्यात कायबाय बसवून इकडं आणला. संगं एक स्टेअरिंग. चांगलं गोल, हातात मावणारं, अन् खाली पायाला ब्रेक. गेमबी बसचाच. मी म्हणले, "अगं माय, बाप साठीचा हाय का सहा वर्षांचा?"

"आई, पप्पा हाताचा व्यायाम करत न्हाईत ना? मग गाडी तरी चालवतील."

पोरगी बापाची हाय, नस बरोबर धरती.

कॉम्प्युटरचा पडदा एवढासा. चष्मा लावूनबी यांना रस्ता दिसंना. मग पोरीनं टीव्हीला जोडायचं काढलं. कॉम्प्युटरच्या डब्यापासून टीव्हीपर्यंत एक जाड वायर लावली. टीव्ही काळा ठिक्कर! वर लिहून आलं, सिग्नल न्हाई म्हणून. माझी मालिका बुडाली ती येगळीच. पोरीनं रिमोटवर हे दाब, ते दाब केलं, अन् एकदम टीव्हीभर रस्ता आला. झाडं, धाबे, पूल. लहान पडद्यावर जे दिसायचं तेच टीव्हीवर मोठं दिसून राहिलं. लई दिवसांनी यांचे डोळे हसले. यांनी स्टेअरिंग धरलं, उजव्या हातानंबी धरलं! मी पदर तोंडाला लावला.

गाडी निघाली. पहिलं वळण आलं, यांनी स्टेअरिंग फिरवलं, तर गाडी सरळच. मग एकदम वळली अन् धाडकन दुभाजकावर चढली. "होतं असं, पप्पा," पोरगी म्हणली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा रस्त्याकडंला केळ्याचा हातगाडा उभा होता, त्यात गाडी घुसली. यांचं तोंड पांढरं पडलं. मला हळूच इचारलं, "गाड्यापाशी माणूस होतं का गं?"

"अहो, खेळ हाय त्यो!"

"माणूस होतं का सांग."

"न्हाई. कुणीच नव्हतं."

यांनी उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. म्हणले, "मी सांगतो अन् हात उशिरा ऐकतो. संपलं. आता पुन्हा मला बसवू नका."

पोरगी एवढंसं तोंड करून लातूरला गेली. अन् आम्ही आगीतून फुफाट्यात पडलो. आधी हात मांडीवर तरी दिसायचा, आता टॉवेलखाली झाकून ठेवायला लागले. शर्टाच्या गुंड्या मी लावायच्या. एक दिवस म्हणले, "मी गेलो तर तुला सुटका होईल." मी म्हणले, "जीभ हासडून ठेवीन!" अन् चुलीपाशी जाऊन रडले.

मग मला राग आला. यांचा न्हाई, त्या मेल्या खेळाचा. दुपारी हे बाहेर लिंबाखाली बाजेवर पडले होते. पोरीनं दाखवलं तसं मी सारं चालू केलं अन् स्टेअरिंग धरून बसले. म्हणले, बघू तरी कशी वळत न्हाई. फिरवलं. गाडी सरळच! अन् मग वळली. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. आता माझे हात तर धडधाकट, रोज भाकरी थापणारे. मग नजर बाजूच्या लहान पडद्यावर गेली. तिथं गाडी आधी वळत होती अन् टीव्हीवरली तिच्या मागून. मी डावीकडं फिरवून बघितलं, उजवीकडं फिरवून बघितलं. दरवेळेस लहानी पुढं, मोठी मागं.

"अहो! हात न्हाई हो, टीव्ही उशीर करून राहिला!"

हे आत आले न्हाईत. बाजेवरूनच म्हणले, "उगं माझं मन राखू नको. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतील लोकं."

"अहो, पर अंगणच वाकडं हाय म्हणते ना मी!"

पोरीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं कपाळावर हात मारला. टीव्ही म्हणे आलेलं चित्र आधी नटवतो अन् मग दाखवतो, नवरी नटेपर्यंत वरात खोळंबावी तसं. टीव्हीत गेम मोड म्हणून एक असतं, ते चालू करायचं राहूनच गेलं होतं. तिनं सांगितलं तसं मी अक्षर अक्षर लावून ते हुडकलं अन् चालू केलं. आता दोन्ही पडद्यांवर गाडी बरोबरच वळायला लागली.

पर यांना कोण समजावणार? दंडाला धरून आत आणलं, शेजारी बसवलं. स्टेअरिंगकडं बघायलाबी तयार न्हाईत. टॉवेलखालचा हात टॉवेलखालीच. मी म्हणले, "बरं, तुम्ही बसा उगं. मीच चालवते." अन् निघाले सुसाट. आधी मुद्दाम वाकडीतिकडी चालवली, मग खरंच मला ती आवरंना. गाडी उजवीकडं घुसली अन् समोरून ट्रक.

"डावी धर!"

"कुठंय डावी?"

"अगं ट्रक! डावी धर, डावी!"

मला ब्रेकबी सापडंना. मी डोळे मिटले. तेवढ्यात माझ्या हातावर हात पडला अन् स्टेअरिंग गर्रकन फिरलं. डोळे उघडले तर ट्रक बाजूनं निघून गेला होता, गाडी आपल्या बाजूला नीट चालली होती, अन् टॉवेल खाली पडला होता. माझ्या हातावर यांचा उजवा हात होता. आम्ही दोघंबी त्या हाताकडं बघून राहिलो.

"सरक," हे म्हणले. "अशानं माणसं मारशील."

मी सरकले. यांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं. वळण आलं, गाडी वळली. जवा वळवली तवाच वळली. पुन्हा आलं, पुन्हा वळली. यांच्या डोळ्यांतून पाणी वाहून राहिलं, पर पुसायला हात सोडला न्हाई. मी पदरानं पुसलं. पुढं एक स्टॉप आला. माणसं चढली, दार लागलं. गाडी मातर जागची हलंना.

"काय झालं हो? हात दुखतो का?"

"हात कशाला दुखतो?" यांनी मान न वळवता म्हणलं, अगदी जुन्या तोऱ्यात. "डबल बेल कुठंय? कंडक्टरनं बेल दिल्याबिगर मी गाडी हलवत नसतो."

मी चमचा घेतला अन् तांब्यावर दोनदा हाणला, टण टण. गाडी निघाली.