समासातल्या टोपल्या

आमच्या खासदारसाहेबांची पत्रं मी टाईप करतो. मूर्तिजापूरहून खेड्यांकडे जाताना छोट्या लाईनचे रूळ आडवे येतात. गाडी बंद होऊन वर्षं झाली, रुळांत तरोटा माजलाय. तरी साहेब तिथं जीप थांबवतात, काच खाली करतात, दोन्हीकडे नीट पाहतात, मग ड्रायव्हरला म्हणतात, "चाल आता." ड्रायव्हर कधी हसला नाही. मी हसायचो.

गाडी पुन्हा सुरू करा, हे पत्र दर अधिवेशनाआधी दिल्लीला जातं. सांगताना साहेब डोळे मिटतात. "लिव. बाया वांग्याचे टोपले घेऊन धावत येत, अन् गार्ड त्याइच्यासाठी गाडी थांबवे." मी टोपल्या गाळतो. मंत्रालयाला टोपल्या कशाला? सही करताना साहेब कागदाच्या समासात ते वाक्य हातानं लिहून टाकतात.

परवा रुळांजवळ एक म्हातारी बसली होती. "तुमी खासदार ना, बापू? मंग गाडी कवा येते?"

प्रस्ताव विचाराधीन आहे, असं मी सांगणार होतो. साहेब उतरले आणि तिच्याशेजारी मातीतच बसले.

"मी बी वाटच पाहून रायलो, माय."

दोघं बराच वेळ रुळांकडे पाहत राहिले. उन्हात रूळ हलल्यासारखे दिसत होते. मीही जीपमधून वाकून पाहिलं.

संध्याकाळी पत्र टाईप केलं, या वेळी काही न गाळता. सही झाल्यावर साहेबांचा पेन सवयीनं समासाकडे गेला, थबकला, आणि लिहायला काही उरलं नव्हतं म्हणून परत खिशात गेला.